यादीत नसलेली पोरं

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री जरगनगरात पालक रस्त्यावर मुक्कामाला असतात. लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिरात पोराला प्रवेश मिळावा म्हणून ही रांग. शाळा महापालिकेची. देणगी नाही, मुलाखत नाही, इंग्रजी नावाची पाटी नाही, आणि पट हजारांत मोजावा लागतो. मराठी शाळांना कुलपं लागत असल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असताना कोल्हापुरात एका मनपा शाळेच्या दारात माणसं रात्र काढतात, ही मोठी गोष्ट आहे. तिथल्या गुरुजींनी आणि बाईंनी वर्षानुवर्षं घासून ती मिळवली आहे. त्यात कुणी खोट काढू नये.

माझा प्रश्न रांगेतल्या पालकांना आहे. घरातून निघाल्यापासून इथवर महापालिकेच्या किती शाळा वाटेत लागल्या? त्यांतल्या एकीच्या तरी वर्गात डोकावलात का?

बहुतेकांनी डोकावलेलं नसतं, कारण निवाडा आधीच झालेला असतो. तो होतो चौकातल्या डिजिटल फलकावर. शिष्यवृत्तीचा निकाल लागला की पेठापेठांत फलक चढतात: पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली गुण, त्याखाली मार्गदर्शक शिक्षकांची नावं. ज्या शाळेचे फोटो जास्त ती शाळा भारी. ज्या शाळेचा फलकच नाही ती बाद. कोल्हापुरात शाळांची तुलना म्हणजे एवढंच.

स्कॉलरशिपवर माझा राग नाही. ही परीक्षा या जिल्ह्यानं अंगावर घेतली आणि गाजवली. भुदरगड-राधानगरीच्या वाड्यांतली पोरं राज्याच्या गुणवत्ता यादीत येतात, सकाळी सातला जादा तासाला बसतात, आणि त्यांचे शिक्षक त्याचा एक पैसा जादा घेत नाहीत. हे मी मानतो. पण त्या परीक्षेनं नेमकं काय मोजलं जातं ते एकदा नीट बघू.

दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. उत्तरं पर्यायांतून निवडायची, गोल काळे करायचे. संपलं. यात विज्ञान नाही, इतिहास-भूगोल नाही आणि स्वतःच्या मनानं लिहिलेलं एक वाक्यही नाही. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास शिकलेलं पोर सहावीत पहिल्यांदा सामान्य विज्ञान हा स्वतंत्र विषय म्हणून हातात घेतं. सहावी, सातवी, आठवी ही तीन वर्षं त्या विषयाची पायाभरणी. आणि ज्या परीक्षेवरून आपण या इयत्तांच्या शाळा जोखतो, तिच्यात तो विषयच नाही. म्हणजे प्रयोगाचं कपाट वर्षभर न उघडताही शाळा यादीत झळकू शकते.

झळकतातही. उपनगरातल्या एका शाळेत विज्ञानाचं कपाट माझ्यासाठी मुद्दाम उघडलं. आधी किल्ली शोधली. आतला तराजू अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, भिंगांच्या डब्यावरची चिकटपट्टी तशीच होती. बाजूच्या भिंतीवर मात्र दहा वर्षांच्या शिष्यवृत्तीधारकांची नावं ऑइलपेंटनं सुरेख रंगवलेली. तिथले सर म्हणाले, “कपाट उघडायला तास कुठला आणू? पालक विचारतात, यंदा यादीत किती आले?” त्या सरांवर बोट ठेवायला माझा हात धजत नाही. आपण जे विचारतो तेच शाळा करते.

ज्यांना विज्ञानाचंही मोजमाप हवं आहे त्यांच्यासाठी आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची दुसरी परीक्षा आहे. तिच्या शालेय क्षमता चाचणीत नव्वद प्रश्न असतात: ३५ विज्ञानाचे, ३५ समाजशास्त्राचे, २० गणिताचे. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं पोर सरकारी, मनपा, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत असेल तर त्याला बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. सेंट्रिंगवर जाणाऱ्या बापाला आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला या रकमेची किंमत कळते. या निकालाचे फलक चौकात का कमी दिसतात? उत्पन्नाची अट असलेल्या परीक्षेत पोर चमकलं हे सांगायला आपल्याला लाज वाटते का? वाटत असेल तर ती लाज आधी टाकून द्या.

आता ‘किती बसवले’ या प्रश्नाकडे. ‘किती आले’ हे सगळे विचारतात, ‘किती बसवले’ हे कुणी विचारत नाही. वर्गात चाळीस पोरं, परीक्षेला बसवली बावीस, यादीत आली तीन. फलकावर तीन फोटो. उरलेल्या अठरांचं काय? ती कुठं बसतात? तर मागं बसतात. हुशार गट पुढं, सराव संच पुढं, सरांचा आवाज पुढं. मागच्या अठरांना “तुम्ही शुद्धलेखन लिहा” असं सांगितलेलं असतं. सगळ्या शाळा असं करतात असं मी म्हणत नाही. सगळा वर्ग बसवणाऱ्या आणि सगळ्यांना शिकवणाऱ्या शाळाही याच शहरात आहेत. त्यांची यादीतली टक्केवारी घसरते आणि फलकाच्या शर्यतीत त्या मागं पडतात. जी शाळा एकाही पोराला वगळत नाही, ती आपल्या हिशोबात कमी भरते.

शहराच्या कडेला असलेल्या शाळांचं तर विचारूच नका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करायला उत्तरेकडून, कर्नाटकातून माणसं येतात. ऑक्टोबर सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या जिल्हाभर उतरतात. त्यांची पोरं अधेमधे शाळेत येतात आणि कायद्यानं त्यांना वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. बारा वर्षांचं पोर सहावीत बसतं, मग त्याला अक्षरओळख असो वा नसो.

असं एक पोर मी पाहिलंय. टोळीबरोबर आलेलं, दिवाळीनंतर शाळेत दाखल झालेलं. पहिल्या दिवशी हजेरीला स्वतःचं नाव ऐकूनही उठेना. इतकी माणसं आपल्याकडं बघणार म्हणून घाबरलेलं. बाईंनी त्याला पाठ्यपुस्तक दिलंच नाही. मधल्या सुट्टीत त्याला फळ्याशी बोलवायच्या आणि फडातल्या वस्तूंची नावं लिहून घ्यायच्या: कोयता, मोळी, बैल, वाढं, चाक. फेब्रुवारीत ते पोर एसटीच्या पाट्या वाचत होतं. गारगोटी. मलकापूर. गडहिंग्लज. जोडाक्षरावर अडखळायचं, परत मागं यायचं, पण वाचायचं. मार्चमध्ये टोळी उठली आणि पोर गेलं. त्या शाळेच्या कागदावर काय राहिलं? एक गळती आणि शून्य मेरिट. पोरानं चार महिन्यांत जो पल्ला गाठला तो यादीतल्या पहिल्या नंबरापेक्षा मला मोठा वाटतो, आणि बाईंचं काम जिल्ह्यातल्या कुठल्याही मार्गदर्शक शिक्षकाच्या तोडीचं आहे. त्यांचा फोटो फलकावर कधी येणार नाही.

चौथीनंतरची ओढाताणही बघा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी एक टप्पा आणि सहावी ते आठवी दुसरा टप्पा ठरवला. आपल्याकडं मात्र अजून चौथी, सातवी, दहावी हा जुना साचा हाडात आहे. हायस्कुलांना पाचवीचे वर्ग आहेत आणि ते भरले नाहीत की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणून एप्रिल आला की गुरुजी दारोदार फिरतात. “पोर आमच्याकडं घाला, वह्या देतो, दप्तर देतो, रिक्षाचं बघतो.” शिकवायला नेमलेल्या माणसाला नोकरी टिकवण्यासाठी भर उन्हात वस्तीत पोरं शोधत हिंडावं लागतं. दहा वर्षांच्या पोराचं नाव दोन-तीन शाळांच्या वहीत लिहिलेलं असतं. मनपा शाळेत चौथीला पस्तीस पोरं असतात आणि पाचवीच्या दारात दहा उरतात. मग आपणच म्हणतो, “त्या शाळेत पोरंच नाहीत, तिथं काय घालायचं?”

पोरं कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पोरं कमी. या फेऱ्याला सरकारनंही हातभार लावला. १५ मार्च २०२४ चा संच मान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा, शासन निर्णय काढून वाचा. सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला तर त्या गटाला मंजूर शिक्षक शून्य. विसाला एक कमी म्हणजे शून्य! गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, आजरा या तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर आणि डोंगरकपारीतल्या वस्त्यांवर वीस पोरं आणायची कुठून? तिथल्या सातवीतल्या पोरीला मग पुढच्या गावी जायला सांगायचं. सहावी-आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं राज्याचेच नियम सांगतात. पण कोकणाच्या तोंडावरच्या पावसात ओढा ओलांडून जायचे तीन किलोमीटर नियमातल्यापेक्षा लांब असतात. जूनमध्ये ती पोर पाच-सहा दिवस जाते. जुलैत धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. पुढं काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

आणि ही कुठली भूमी? १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी पोरं एकाच शाळेत बसतील असा हुकूम काढला. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालताना या शेवटच्या हुकमाची आठवण ठेवा. एकाच शाळेत सगळी पोरं, हा त्यातला गाभा. शंभर वर्षांनी आपण फीप्रमाणे, माध्यमाप्रमाणे आणि मेरिटप्रमाणे पोरं पुन्हा वेगवेगळ्या दारांत उभी केली.

याच जिल्ह्यात, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईकांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करायला हात लावला आणि पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. त्या आयोगानं शेजारशाळा सुचवली होती. भागातलं प्रत्येक पोर, श्रीमंताचं असो की मजुराचं, भागातल्याच शाळेत जाईल आणि म्हणून भागातले सगळे मिळून ती शाळा चांगली ठेवतील. साधा हिशोब होता. ज्यांचा आवाज ऑफिसात पोचतो त्यांची पोरं शाळेत असली की गळकं छप्पर दुरुस्त होतं. त्यांची पोरं निघून गेली की अर्ज फायलीत पडून राहतात. आजऱ्याच्या माणसानं साठ वर्षांपूर्वी देशापुढं ठेवलेलं हे सूत्र आपण आपल्या गल्लीतही लावलं नाही.

म्हणून मला या शाळेची त्या शाळेशी तुलना मान्य नाही. तुलना करायचीच तर प्रत्येक शाळेची कायद्याशी करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय हवं ते स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीला दर वर्गाला किमान एक शिक्षक, तोही असा की विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक, भाषेला एक. पस्तीस पोरांमागं एक शिक्षक. शंभरावर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, शिवाय कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन शिक्षक. वर्षाला २२० दिवस आणि हजार तास शिकवणं. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, प्यायचं पाणी, मैदान, ग्रंथालय.

आता घराजवळच्या शाळेत जा आणि हे ताडून बघा. गणित-विज्ञानाचे विषय शिक्षक आहेत की भाषेचे सर दोन्ही ओढतायत? पाटीवर ‘सेमी इंग्रजी’ लिहिलंय, पण इंग्रजीतून विज्ञान शिकवायची तयारी त्या शिक्षकाला कुणी करून दिली का? चित्रकलेला माणूस आहे का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, आणि नळ सोडला तर पाणी येतं का? सातवीतल्या पोरीनं पाळीच्या चार दिवसांत शाळा बुडवली तर त्याचं कारण बहुतेक वेळा त्या कडीत आणि त्या नळात असतं. ग्रंथालयाची पुस्तकं पोरांच्या हातात जातात की कपाटात मोजून ठेवलीत? मागच्या बाकावरच्या पोराला जवळ बोलवा आणि त्याच्याच पुस्तकातलं अर्धं पान वाचायला सांगा. पुढच्या बाकावरच्याला नको, मागच्याला. एवढं केलंत की दहा फलकांनी सांगितलं नाही ते कळेल.

रंगरंगोटीला भुलू नका. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं आणि भिंती खुलल्या, बागा झाल्या, ते चांगलंच झालं. पण रंगाला गुण देणाऱ्यांनी रिकाम्या पदाचेही गुण कापावेत, आणि ते शाळेचे नव्हे, पद न भरणाऱ्या ऑफिसचे. शाळेत शिक्षक नसणं हा मुख्याध्यापकाचा गुन्हा नाही. त्यांनी मागणी किती वेळा पाठवली याच्या आवक-जावकच्या नोंदी शाळेत असतात. त्या बघायला मागा.

मागायचा हक्क तुम्हाला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं, पैसा कुठं गेला ते तपासणं हे त्या समितीचं काम. प्रत्यक्षात समितीची आई सदस्य कामावरून येते, रजिस्टरवर सही करते आणि निघते. सभेत काय ठरलं ते तिला कुणी सांगत नाही. तिला खुर्ची द्या, आराखडा वाचून दाखवा, मग सही घ्या. आणि ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत, ज्यांना ऑफिसात कुणाशी कसं बोलायचं ते कळतं, त्यांनी पोर दुसरीकडं घातलं असलं तरी गल्लीतल्या शाळेच्या दारात वर्षातून चार वेळा जावं. हे उपकार नव्हेत. त्या शाळेवर कर तुमचाही खर्च होतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकाच्या कारभारात गेली. त्या पाच वर्षांत पहिलीतलं पोर सहावीत पोचलं. त्याच्या वर्गाला विज्ञानाचा शिक्षक का नाही, हे सभागृहात उठून विचारणारा नगरसेवक त्याच्या वाट्याला आला नाही. आता विचारा. प्रभागात गटार, रस्ता, हायमास्ट दिवा यांची कामं मागता, त्याच कागदावर शाळेचं नाव घाला.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. शाळा जूनमध्ये उघडते. त्या दिवशी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या दारावर एक फलक लागू दे, डिजिटलच लावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, विज्ञान-गणिताला कोण. सहावीत किती पोरं आली आणि त्यांतली किती आठवी पूर्ण करून बाहेर पडली. खाली मुख्याध्यापकांची सही, आणि त्याच्या बाजूला शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांची.